जुने मोटरहोम घरी दुरुस्त करताना: भिंतीच्या आत एक, बाहेर एक

जुने मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, विकत घेऊन नवरा-बायकोने मिळून ते घरच्या घरी पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले, की पहिला मोह पडद्यांचा, गाद्यांचा आणि रंगाचा होतो. हा मोह काही महिने बाजूला ठेवावा. अशा गाडीचा खरा शत्रू पाणी आहे, आणि छप्पर व भिंती कोरड्या असल्याची खात्री होण्याआधी आत बसवलेली प्रत्येक नवी वस्तू पुन्हा उपटावी लागण्याची शक्यता असते. आम्ही स्वतः पहिल्या खेपेला हा क्रम चुकवला होता. आतल्या भिंतीला नवे प्लायवूड लावून झाले आणि दोन पावसांतच त्याच्या खालच्या कडेला तपकिरी रेघ उमटली, तेव्हा मोठ्या कष्टाने बंद केलेली ती भिंत आम्हाला पुन्हा उघडावी लागली. पुढचे सगळे विवेचन त्या अनुभवातून आलेल्या क्रमाने केले आहे.

गाडी हातात घेण्यापूर्वी तिची बांधणी ओळखावी. १९५० मध्ये उत्पादन सुरू झालेल्या फोक्सवॅगन टाइप २ सारख्या व्हॅनवर उभारलेल्या गाड्यांचे शरीर पूर्ण पत्र्याचे असते, त्यामुळे त्यांचा मुख्य आजार गंज. तो दाराखालच्या उंबरठ्यांत, चाकांवरच्या कमानींत आणि खिडक्यांच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यांत शोधावा. दुसऱ्या प्रकारात ट्रकच्या किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर लाकडी चौकट उभी करून तिला बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आतून प्लायवूड लावलेले असते. या प्रकारात बाहेरून भिंत झकास दिसत असूनही आतले लाकूड भुसभुशीत झालेले असू शकते. घरी दुरुस्त करण्यासाठी बहुतेकांच्या वाट्याला हीच गाडी येते, म्हणून येथे प्रामुख्याने तिचाच विचार केला आहे. मात्र दोन्ही प्रकारांत खालचा सांगाडा टोच्याने आणि हातोडीने नीट तपासावा. भार पेलणारी पोलादी तुळईच गंजून पोकळ झाली असेल, तर वरच्या भागावर एक दिवसही खर्च करू नये.

ओलावा कसा शोधावा

दोन सुया असलेले ओलावामापक यंत्र घ्यावे. कपाटांच्या आत, पलंगाखाली, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत आणि छप्पर व भिंत मिळतात त्या रेषेवर, म्हणजे सुयांची भोके दिसणार नाहीत अशा जागी, ते टेकवत जावे. एकाने आकडा वाचावा आणि दुसऱ्याने गाडीच्या चारही भिंतींचे कागदावर काढलेले रेखाचित्र हाती ठेवून त्या त्या जागी तो लिहावा. १५ टक्क्यांच्या आतले लाकूड कोरडे समजावे. २० टक्क्यांच्या वर सतत राहणाऱ्या लाकडात बुरशी वाढू शकते, त्यामुळे तेथे भिंत उघडणे भाग आहे. हा कागद जपून ठेवावा, त्याचे काम पुढेही आहे.

ओल कुठे आहे हे कळले, तरी पाणी कुठून शिरते हे अजून कळलेले नसते, कारण आत शिरलेले पाणी लाकडाच्या आधाराने वाहत जाऊन दूरवर कुठेतरी डाग पाडते. हे शोधायला दोन माणसे लागतातच. एकाने बाहेर पाण्याचा पाइप घेऊन उभे राहावे आणि दुसऱ्याने आतले प्लायवूड उघडलेल्या जागी बॅटरी व पेन्सिल घेऊन बसावे. पाणी नेहमी खालून वर न्यावे: आधी खिडकीची खालची कड, मग तिच्या बाजू, मग वरची कड आणि सर्वांत शेवटी छपराचा सांधा. प्रत्येक टप्प्यावर निदान दहा मिनिटे मंद धार सोडावी. वरून सुरुवात केली, तर ओघळ सगळ्याच फटी एकदम भिजवतो आणि दोषी फट कोणती हे ठरवता येत नाही. आतल्या माणसाने पहिला थेंब दिसताच हाक द्यावी, पेन्सिलने खूण करावी आणि वेळ लिहावी. या कामाची घाई करू नये. आमच्या गाडीत सर्वांत मोठी गळती खिडकीची निघाली नाही, ती छपराजवळच्या छोट्या दिव्याच्या वायरच्या भोकातून येत होती, आणि नववे मिनिट उलटेपर्यंत आत एकही थेंब दिसला नव्हता.

उघडणे आणि लाकूड बदलणे

कोणतीही पट्टी काढण्यापूर्वी तिचे दोन फोटो घ्यावेत, एक जवळून आणि एक दुरून. स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवून डब्यावर जागा लिहावी. भिंती उघडण्यापूर्वी आणखी एक काळजी घ्यावी. जुन्या गाड्यांमध्ये शेगडीच्या किंवा हीटरच्या मागे लावलेल्या राखाडी फळ्यांत ॲस्बेस्टॉस (धूळ श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज) असू शकते, म्हणून प्रयोगशाळेत तपासणी झाल्याखेरीज अशा फळीला भोक पाडू नये, ती घासू नये आणि तोडू नये. जुन्या रंगात शिसे असण्याचाही संभव असतो. त्यामुळे तो कोरडा न घासता पॉलिश पेपर ओला करून घासावा, आणि बारीक धूळ अडवणारा मास्क दोघांनीही लावावा.

उघडलेल्या चौकटीत चांगले लाकूड आणि कुजलेले लाकूड यांतला फरक डोळ्यांपेक्षा हाताला अधिक कळतो. टोच्या आडवा खुपसून हळूच उचलावा. चांगल्या लाकडाची लांब, चिवट ढलपी निघते आणि कट्‌कन आवाज येतो, तर कुजलेले लाकूड बिस्किटासारखे आखूड तुकड्यांत, आवाज न करता तुटते. कुजकी जागा संपली असे वाटते तिथून पुढेही थोडे चांगले लाकूड कापून टाकावे, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. नवा तुकडा जोडताना सरळ काप देऊन टोकाला टोक चिकटवू नये. लाकडाच्या जाडीच्या आठपट लांबीचा तिरका काप द्यावा, म्हणजे इपॉक्सीला (दोन घटक मिसळून वापरायच्या मजबूत गोंदाला) धरायला पुरेशी जागा मिळते. सगळ्या उभ्या-आडव्या पट्ट्या एकाच वेळी काढण्याची चूक करू नये, नाहीतर भिंतीचा आकार बिघडतो आणि पुढे खिडकी तिच्या जागी बसत नाही. एक पट्टी काढावी, तिच्यावरून नवी आखावी, बसवावी आणि मगच दुसरीला हात लावावा. मधूनमधून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले, तर चौकट काटकोनात आहे. जी पट्टी कुजलेली नाही, नुसती ओली आहे, तिला पंखा लावून काही आठवडे सुकू द्यावे, आणि यंत्रावरचा आकडा खाली आल्याशिवाय भिंत बंद करू नये.

सांधे बंद करणे

या कामात सिलिकॉन वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचा थर एकदा बसला की त्याच्या अवशेषावर नंतर दुसरे कोणतेही सीलंट (फटी बुजवणारा चिकट पदार्थ) धड चिकटत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर धातूलाही खाते. बाहेरून सांधे झाकणाऱ्या पट्ट्यांखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, लावावी, कारण ती कायम मऊ राहते आणि गाडी हलली तरी सांध्याबरोबर ताणली जाते. आधी जुने सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून पत्रा स्पिरिटने पुसावा. पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ओल आली की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, आणि स्क्रूभोवती साचलेली पांढरी भुकटी ही त्याचीच खूण असते. म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत आणि प्रत्येकाचे आटे सीलंटमध्ये बुडवून बसवावेत. मोठे झालेले जुने भोक लाकडी खुंटी आणि इपॉक्सीने बुजवून तेथे नव्याने भोक पाडावे.

एकाने लांब पट्टी दाबून धरावी आणि दुसऱ्याने मध्यापासून दोन्ही टोकांकडे स्क्रू थोडे थोडे आवळत जावे. टेप कडेने बाहेर दबून येते, ती लगेच कापू नये. दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा अर्धा फेरा आवळावेत, आणि बाहेर आलेली टेप त्यानंतरच काढावी. काम झाल्यावर पाइपची तीच परीक्षा त्याच क्रमाने पुन्हा घ्यावी.

ब्रेक, टायर, गॅस आणि वीज

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. मजबूत स्टँड लावूनच जावे, आणि एक जण खाली असताना दुसऱ्याने हाकेच्या अंतरावर असावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे ते सगळे बदलावे. रबरी नळ्याही बदलाव्यात, कारण त्या आतून फुगतात, मग पेडल सोडल्यावरही दाब अडकून राहतो आणि चाक मोकळे होत नाही. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना एकाने पेडल दाबून ‘दाबला’ म्हणावे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल (हवा बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू) उघडून पुन्हा बंद करावा आणि ‘बंद’ म्हणावे, आणि हा शब्द ऐकेपर्यंत पेडलवरचा पाय उचलू नये. पाय आधी उचलला गेला, तर हवा पुन्हा आत जाते. रस्त्यावर नेण्यापूर्वी हे काम जाणकार मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. तीनच अंक असतील, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांपुढचा टायर ठेवू नये.

गॅसची जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की जमिनीलगत साचते. म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या तळाशी असलेली भोके, आतून वारा येतो म्हणून, बुजवू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे त्याचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ लावावा.

विजेच्या बाबतीत एकच हिशेब ध्यानात घ्यावा. १२० वॅटचे उपकरण १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढते, त्यामुळे घरातली बारीक वायर इथे तापते. जाड वायर वापरावी आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या अगदी जवळ लावावा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, आणि १२.१ च्या आसपास ती जवळजवळ अर्धी रिकामी झालेली असते.

आतली सजावट

आता कपाटे, गाद्या आणि पडदे यांची वेळ आली, आणि येथे प्रत्येकाने आपल्या आवडीप्रमाणे करावे. फक्त वजन विसरू नये. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. गाडीच्या पाटीवर कमाल वजन लिहिलेले असते. टाकी भरून, सामान लादून आणि दोघांनी आत बसून गाडी वजनकाट्यावर न्यावी, आणि पुढचा व मागचा आस (ॲक्सल) वेगवेगळा तोलावा. जड वस्तू दोन्ही आसांच्या मध्ये आणि खाली ठेवाव्यात. त्या मागच्या आसाच्याही मागे गेल्या, तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग बिघडते.

ओलाव्याचे आकडे लिहिलेले रेखाचित्र कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवावे. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकाने यंत्र घ्यावे, दुसऱ्याने पेन, आणि त्याच जागांचे नवे आकडे जुन्यांच्या शेजारी तारखेसह लिहावेत.