सीपीयू प्रोफायलिंग: सॅम्पल किती वेळाने घ्यायचे आणि बेरीज कशी करायची?

सतत चालणारा प्रोफायलर, म्हणजे प्रोग्रामचा कुठला भाग किती सीपीयू खातो ते दाखवणारं साधन, फंक्शनला स्टॉपवॉच लावत नाही. ठरावीक वेळाने डोकावतो, त्या क्षणी सीपीयूवर कुठला कॉल स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं याची साखळी) आहे ते टिपतो आणि बाजूला होतो. त्यामुळे सगळा हिशोब किती सॅम्पल जमतात यावर चालतो.

१. आधी प्रश्न ठरवा. १०० हर्ट्झ म्हणजे दर १० मिलिसेकंदाला एक सॅम्पल. पूर्ण व्यस्त असलेला एक कोअर १० सेकंदांत १,००० सॅम्पल देतो. त्यात १ टक्का वेळ खाणाऱ्या फंक्शनच्या वाट्याला साधारण १० येतात आणि निव्वळ योगायोगाने त्यात तीनेकचा फरक पडतो. एकदा ७, पुढच्या वेळी १३ आले की कुणीतरी ‘जवळपास दुप्पट झालं!’ म्हणत धावत येतं. तासाभराचा डेटा घेतला तर त्याच फंक्शनचे ३,६०० सॅम्पल होतात, चढउतार ६०च्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. नव्या रिलीजने काय बिघडवलं एवढंच बघायचं असेल तर १९ हर्ट्झही पुरतात. पार्का या सतत चालणाऱ्या प्रोफायलरचा एजंट (मशीनवर सॅम्पल गोळा करणारा भाग) मुळात तेवढ्यावरच चालतो.

२. गोल आकडा टाळा. प्रोग्राममधलं एखादं काम दर १० मिलिसेकंदाला होत असेल आणि तुम्हीही १०० हर्ट्झनेच डोकावत असाल, तर ते काम दरवेळी सापडेल किंवा कधीच सापडणार नाही. म्हणून पर्फ हे लिनक्सचं प्रोफायलिंग टूल चालवताना ९९ हर्ट्झ देतात.

३. भार मोजा. प्रोफायलर चालू आणि बंद ठेवून, खऱ्या ट्रॅफिकवर. स्टॅक खोल असतील तर प्रत्येक सॅम्पल महाग पडतो.

४. बेरीज संख्यांची करा, टक्क्यांची सरासरी काढू नका. सारखे स्टॅक एकत्र करून त्यांच्यापुढे फक्त संख्या ठेवायची. डेटा इथेच आटोपशीर होतो. खरी चूक पुढे होते. एका मशीनवर २,००० पैकी १,००० सॅम्पल एका फंक्शनचे, म्हणजे ५० टक्के. दुसरीवर २०० पैकी २०, म्हणजे १० टक्के. सरासरी ३० येते. प्रत्यक्षात २,२०० पैकी १,०२०, म्हणजे ४६ टक्के! मशीनवरचे दर वेगळे असतील तर आधी प्रत्येक संख्येला तिथल्या इंटरव्हलने (दोन सॅम्पलमधल्या वेळेने) गुणा, मग मिळवा. आणि वेगवेगळ्या बिल्डचे स्टॅक मेमरी पत्त्यांवरून कधीच जुळवू नका. आधी फंक्शनची नावं लावून घ्या.

५. सॅम्पलना लावायची लेबलं मोजकी ठेवा. सर्व्हिस, व्हर्जन, रीजन पुरे. रिक्वेस्ट आयडी लावलात की प्रत्येक रिक्वेस्टची वेगळी मालिका तयार होते आणि एकत्र करण्यासारखं काही उरतच नाही.

रिक्वेस्ट रेंगाळतेय पण सीपीयूचा आलेख शांत आहे, असं दिसलं तर सॅम्पलिंगचा दर वाढवत बसू नका. एखादा थ्रेड हा लॉकसाठी किंवा डिस्कसाठी थांबलेला असताना तो सीपीयूवर नसतोच. तिथे वॉल-क्लॉक प्रोफाइल, म्हणजे थांबलेला वेळही धरणारं प्रोफाइल घ्या.