गाडी आणि लग्न, दोन्हींसाठी एकच टेलीफोटो झूम: घेण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी अंतरं लिहून काढा. गाडी जिथे उभी करणार ती जागा आणि लग्नात तुम्हाला उभं राहायला मिळणारी जागा, दोन्हीकडे समोर किती मीटर मोकळे आहेत ते पावलांनी मोजलं तरी पुरतं. पुढचा हिशोब सोपा आहे. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या, सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. अंतराला ३६ ने गुणा, फोकल लेंथने भागा, की फ्रेममध्ये किती रुंदी मावते ते कळतं. इथून पुढे ७० आणि २०० म्हणजे ७०-२०० झूमच्या दोन टोकांची मिलिमीटरमधली फोकल लेंथ. १० मीटरवरून २०० ला १.८ मीटर मावतं, ७० ला साधारण ५.१ मीटर. साडेचार मीटरची गाडी बाजूने, पुढेमागे थोडी हवा सोडून घ्यायची तर सहा मीटर रुंदी धरा. ७० ला त्यासाठी १२ मीटर मागे जावं लागतं आणि २०० ला तब्बल ३३. एवढी सलग मोकळी जागा फार कमी ठिकाणी मिळते. मध्ये खांब, झाडं, येणारीजाणारी माणसं असतातच. लग्नात उभ्या फ्रेममध्ये डोक्यापासून पायापर्यंत माणूस घ्यायला ७० ला सव्वाचार मीटर आणि २०० ला १२ मीटर लागतात. हॉल लहान असेल तर अडचण २०० कमी पडण्याची नसते, ७० जास्त होण्याची असते.

एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी असेल तर ही अंतरं १.५ ने, कॅननवर १.६ ने, गुणून बघा. ७०-२०० तिथे १०५-३०० सारखी वागते. ट्रॅकवरच्या गाडीसाठी ते छानच, पण हॉलमध्ये पाठ भिंतीला टेकते. अशा बॉडीवर फुजीफिल्मच्या ५०-१४० एफ २.८ सारखी लेन्स लग्नाला जास्त उपयोगी पडते.

अंतरं ठरली की प्रकाश. एफचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्समधलं छिद्र: आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त. इथे गाडीचं मत विचारू नका, लग्नाचं विचारा. उभ्या गाडीचे फोटो तुम्ही एफ ५.६ ते ८ वर काढणार, त्यामुळे ७०-३०० एफ ४-५.६ सारखी हलकी लेन्सही उन्हात ते काम नीट करते. संध्याकाळच्या हॉलमध्ये तीच लेन्स तोंडघशी पाडते. एफ २.८ आणि १/२५० सेकंदाच्या शटरला आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) ३२०० वर जो फोटो निघतो, त्यासाठी एफ ४ ला ६४०० लागेल आणि एफ ५.६ ला १२८००. थरथर कमी करणारा स्टॅबिलायझर इथे मदतीला येत नाही. तो तुमचा हात सावरतो, नाचणाऱ्या माणसाचा नाही. म्हणून दोन्ही कामं एकाच लेन्सने करायची असतील तर ७०-२०० एफ २.८ धरा. लग्नं दिवसा आणि उघड्यावर असतील, किंवा फ्लॅश वापरायला मोकळीक असेल, तर एफ ४ ची आवृत्ती घेऊन मानेवरचं ओझं कमी करायला काहीच हरकत नाही.

एफ २.८ घेतली म्हणजे सतत एफ २.८ वर काढायचं असं नाही. २०० ला पाच मीटरवर तेव्हा फोकसची खोली जेमतेम १० सेंटिमीटर असते. जोडप्यातला एक जण अर्धं पाऊल मागे असला की त्याचे डोळे गेलेच. एफ ५.६ वर ती खोली २० सेंटिमीटरच्या आसपास जाते. दोन चेहरे असतील तर अ‍ॅपर्चर एवढं तरी बंद करा.

वजनाचा आकडा कागदावर लिहा आणि तेवढ्या वजनाचं काहीतरी तासभर हातात धरून बघा. ट्रायपॉड कॉलर (लेन्सभोवतीचं ट्रायपॉडला जोडायचं कडं) काढून सोनीची २०१६ ची ७०-२०० एफ २.८ जीएम १४८० ग्रॅम भरते, २०२१ ची दुसरी आवृत्ती १०४५. टॅमरॉनची २०२० ची ७०-१८० एफ २.८ साधारण ८१० ग्रॅम आहे, पण तिच्यात स्टॅबिलायझर नाही. बॉडीत असेल तरच तिचा विचार करा. पट्टा बॉडीला न अडकवता लेन्सच्या कॉलरला अडकवा, म्हणजे माउंटवर, लेन्स आणि बॉडीच्या सांध्यावर, ताण येत नाही. कॉलरचा स्क्रू हाताने घट्ट करून मगच खांद्यावर घ्या, तो चालता चालता सैल होतो. आणखी पोच हवी म्हणून १.४ चा टेलीकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारा, फोकल लेंथ वाढवणारा जोड) लावण्याचा बेत असेल तर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश जातो, आणि सगळ्या लेन्सना तो बसतही नाही: कॅननची २०१९ ची आरएफ ७०-२०० एफ २.८ तो घेत नाही, सोनी कॅमेऱ्यांसाठीच्या टॅमरॉनही घेत नाहीत.

धावती गाडी घ्यायची असेल तर लेन्सवर पॅनिंगचा, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घ्यायचा, मोड आहे का ते बघा, बऱ्याच ठिकाणी त्याला मोड २ म्हणतात. साध्या मोडमध्ये स्टॅबिलायझर तुमचं आडवं फिरणंही थरथर समजून थोपवायला जातो आणि गाडी पुसट होते. मोड २ मध्ये तो फक्त वरखाली हालचाल सावरतो. १/१००० ला चाकाच्या आऱ्या गोठतात आणि धावती गाडी उभी केल्यासारखी दिसते. म्हणून सुरुवात १/१२५ ने करा, हात बसला की १/६० वर या. बरेच फोटो वाया जाणार हे धरूनच कार्डात जागा ठेवा. गाडी समोरून येत असेल तर मात्र शटर वाढवा, कारण तिथे अंतर क्षणाक्षणाला बदलतं आणि खरी परीक्षा ऑटोफोकसच्या मोटरची असते. हे सगळं बंद रस्त्यावर किंवा ट्रॅकवरच. आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा: सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे गाडी तिरकी आणि चाकं लंबगोल होऊ शकतात. हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली याच शटरमुळे फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

पोलरायझर, म्हणजे काचेवरची चमक कमी करणारा फिल्टर, त्यालाही लेन्सच्याच तोलाची निवड समजा. ७०-२०० एफ २.८ ला बहुधा ७७ मिलिमीटरचा लागतो, टॅमरॉनच्या ७०-१८० ला ६७ चा. आधी घरात कोणता आहे ते बघा. फिल्टर लावा, गाडीच्या पुढच्या काचेकडे बघत रिंग हळूहळू फिरवा. आधी काचेत आकाशाचा पांढरा तुकडा दिसत असतो. फिरवता फिरवता तो विरतो आणि स्टिअरिंग, सीट स्पष्ट दिसायला लागतात. तिथून पुढे फिरवलं की चमक परत येते. बॉनेटची चमक पूर्ण मारू नका, गाडीची वळणं त्या चमकेमुळेच कळतात. क्रोमच्या पट्टीवर फारसा फरक पडत नाही, कारण उघड्या धातूवरून येणारी चमक पोलरायझरला काच किंवा रंगासारखी अडवता येत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचांवर कधीकधी ठिपक्यांची किंवा चौकड्यांची नक्षी उमटते. ती फिल्टरची खराबी नाही. टफन्ड काच तापवून झटकन गार करतात, तेव्हा आत राहिलेला ताण तसा दिसतो. अशा वेळी रिंग थोडी मागे घ्या किंवा उभं राहायची जागा बदला. पोलरायझर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये शिरायच्या आधी तो काढलाच पाहिजे. हुड चढवल्यावर रिंगपर्यंत बोट पोचतं का, तेही बघून ठेवा. काही हुडना त्यासाठी छोटी खिडकी असते.

एक दोष कोणत्याच लेन्सने सुटत नाही: तापलेल्या डांबरावरची लहरणारी हवा. भर दुपारी ३३ मीटरवरून २०० ला काढलेल्या गाडीची नंबर प्लेट पाण्यातून बघितल्यासारखी येते आणि माणूस बिचाऱ्या लेन्सला दोष देतो. सकाळी लवकर काढा, नाहीतर जवळ जा.

आता हातात आलेली लेन्स तपासा, नवी असली तरी. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद, अ‍ॅपर्चर एफ २.८. दूरवरचा एखादा बारीक तपशील, अँटेनाची दांडी म्हणा, मधोमध धरून फोकस करा. मग फोकस तसाच ठेवून तोच तपशील एकेका कोपऱ्यात नेऊन फोटो घ्या. हे ७०, १३५ आणि २०० ला करा. चारही कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणं चालतं. एकच कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा उघड पुसट असेल तर आतला घटक सरकलेला आहे, लेन्स परत करा. वापरलेली लेन्स असेल तर दोन्ही झाकणं काढून मागून टॉर्च मारा: धुळीचे चार कण चालतील, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. डीएसएलआरवर ७० आणि २०० ला फोकस पुढेमागे पडतो का ते वेगवेगळं बघा, एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चूक असं होऊ शकतं. अंगठीसारखे जवळचे फोटो घ्यायचे असतील तर किमान फोकस अंतरही तपासा. काही लेन्सच्या फ्रेममध्ये मावणारा घेर जवळून फोकस करताना वाढतो. निकॉनची २००९ ची ७०-२०० एफ २.८ व्हीआर २ जवळच्या अंतरावर २०० ऐवजी साधारण १३५ सारखी दिसते, त्यामुळे चेहरा अपेक्षेपेक्षा लहान येतो.

आदल्या रात्री लेन्सवरची बटणं एकेक करून बघा. फोकस लिमिटर (फोकस कोणत्या अंतरांत शोधायचा ते ठरवणारं बटण) लांबच्या टप्प्यावर अडकलेला असेल तर हातात अंगठी घातली जात असताना लेन्स नुसती पुढेमागे घुटमळत राहते आणि कारण पटकन सुचत नाही. लग्नासाठी तो ‘फुल’वर आणा. बॅगेतून ओढताना एएफचं (ऑटोफोकसचं) बटण एमएफवर (हाताने फोकसवर) सरकतं, तिथे कापडी टेपचा छोटा तुकडा लावा. स्टॅबिलायझरचा मोड परत १ वर. एसी गाडीतून दमट हवेत उतरणार असाल तर बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. गार काचेवर धरलेली वाफ रुमालाने पुसली तरी पुन्हा धरते.