अंगावर पुरळ दिसलं की लगेच नाव ठेवू नका, या चुका टाळा

आधी ते फोटो पाठवणं थांबवा. रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये काढलेला, हललेला, पोराचं अर्धं पोट दिसतंय आणि खाली मेसेज, "ताई गोवर आहे का?" मी लहान मुलांच्या दवाखान्यात सिस्टर आहे, जळगाव जिल्ह्यातल्या यावल-चोपड्याकडची माणसं येतात, पार सातपुड्याच्या पाड्यांवरून येतात, आणि खरं सांगते, नुसत्या फोटोवरून आमचे डॉक्टरसुद्धा नाव सांगत नाहीत. आधी ताप आला की आधी पुरळ? पुरळ कुठून सुरू झालं? खाज आहे का? पोरगं खेळतंय की पडून आहे? हे फोटोत येत नाही, आईला माहीत असतं. म्हणून माझी सवय अशी, आधी आईला बसवते आणि पहिल्या दिवसापासून सगळं विचारते, पोराचा सदरा नंतर वर करते.

गोवर असेल तर आई सांगते की 3-4 दिवस जोराचा ताप होता, नाक गळत होतं, खोकला होता, डोळे लाल होऊन पाणी येत होतं, आणि मग कानामागे, केसांच्या कडेला पुरळ आलं, तिथून चेहऱ्यावर आणि खाली छाती-पोट-पायांकडे गेलं. पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, लाल जागेवर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसू शकतात, टॉर्च लावून बघा. सावळ्या पोरांत लाली पटकन कळत नाही, तिथे हात फिरवून बघायचं आणि डोळे बघायचे. गोवर असा क्रमाने येतो. ताप नाही, खोकला नाही, फक्त पाठीवर लाल पुळ्या आणि आजी म्हणते गोवर आला, तर थांबा जरा.

कांजण्यांत ताप बहुतेक हलकाच असतो, पुरळ छाती, पोट, पाठ, चेहऱ्यावर येतं आणि खूप खाजतं. खूण एकच लक्षात ठेवा, लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली, तिन्ही एकाच वेळी अंगावर दिसतात कारण नवीन फोड येतच राहतात.

आता घामोळ्यांचं. दर उन्हाळ्यात ही चूक बघून जीव दमतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो, घामोळ्या कोणाला नसतात? त्यामुळे मान-पाठीवर काहीही उठलं की पावडर मारायची आणि मोकळं व्हायचं. एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतेहून एक ताई माहेरी आली, सोबत 4 वर्षांचा मुलगा, अंगावर बारीक पुरळ, थोडा कणकण ताप. आजी म्हणाली, "काही नही, घामोळ्या शेतस", आणि घरातली सगळी भाचवंडं त्याच्याजवळ एका चटईवर झोपली, दिवसभर झोक्यावरही सगळी सोबतच. दोन आठवड्यांनी एकेकाला फोड यायला लागले. तेही निभावलं असतं, पण घरातली वहिनी सातव्या महिन्यात होती आणि तिला लहानपणी कांजण्या झालेल्या नव्हत्या. तिला अंगभर फोड आले, मग खोकला, मग धाप लागायला लागली, रात्रीच जळगावला हलवावं लागलं आणि बरेच दिवस ॲडमिट राहिली. आई आणि बाळ दोघं वाचली म्हणून आज लिहिता येतंय. गरोदरपणात कांजण्यांचा न्यूमोनिया जिवावर बेततो, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं आणि त्यांना ते कोणी सांगितलंही नव्हतं.

म्हणून मी काय करते, घामोळं म्हणायच्या आधी पोराचे केस बाजूला करून टाळू बघते आणि तोंड उघडायला लावते. कांजण्यांचे फोड टाळूवर, कधी तोंडातही येतात. घामोळ्या घाम साचतो तिथे, मान, पाठ, काखेत येतात, स्वतःहून ताप आणत नाहीत आणि थंड जागी ठेवलं की बसतात. शंका असेल तर पोराला गरोदर बाई, तान्हं बाळ आणि कॅन्सर वगैरेची औषधं चालू असलेला माणूस, यांच्यापासून लांब ठेवा. आणि गरोदर बाईचा संपर्क आधीच झाला असेल, तर फोड यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, कारण ज्या बाईला पूर्वी कांजण्या झालेल्या नाहीत तिच्यासाठी इंजेक्शन असतं आणि ते ठरावीक दिवसांतच द्यावं लागतं. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पोरगं शाळेत नाही, लग्नात नाही, बसमध्ये नाही. लोक हळदीच्या मांडवात घेऊन येतात हो अशी पोरं, "बरा झाला ना आता", पाठीवर ओले फोड!

दुसरी माझी जुनी तक्रार, "माता आली" म्हणून औषध बंद. श्रद्धा ठेवा, निंबाचा पाला उशाशी ठेवा, मला काही अडचण नाही, माझ्या आईनेही ठेवला होता. पण देवीचा रोग जगातून संपल्याचं 1980 मध्येच जाहीर झालं, आता जे येतं ते गोवर किंवा कांजण्या असतात, आणि गोवरात पोरगं मरतं ते बहुतेक न्यूमोनिया आणि जुलाबांनी. अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, दूध-वरण बंद, आंघोळ बंद, दवाखाना बंद, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी छातीचा भाता चालायला लागल्यावर गाडी शोधायची. असं करू नका. गोवरात व्हिटॅमिन ए चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात, वर्षावरच्या मुलाला प्रत्येकी 2 लाख युनिट, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात, पण ते दवाखान्यात आणलं तरच मिळणार ना. घरात खायला-प्यायला नेहमीचंच, उलट थोडं थोडं जास्त वेळा द्या.

बाकीच्या चुका पटापट सांगते.

तळहात, तळपाय, ढुंगणावर फोड आणि तोंडात छाले, म्हणून पोरगं जेवत नाही, हे बहुतेक हात-पाय-तोंडाचा आजार असतो, त्याला कांजण्या म्हणू नका, आठवड्या-दीड आठवड्यात जातो, पाणी पाजत राहा.

6 महिने ते 2 वर्षांच्या बाळाला 3-4 दिवस सडकून ताप, मग ताप उतरला आणि पुरळ आलं, हा रोझिओला नावाचा विषाणूचा ताप. मधेच कोणीतरी अँटिबायोटिक सुरू केलेलं असतं, मग "औषधाची रिॲक्शन" म्हणून फाइलवर कायमचं लिहिलं जातं. ताप कधी उतरला आणि पुरळ कधी आलं, हे डॉक्टरांना नीट सांगा.

रात्री खाज, बोटांच्या बेचक्यात पुळ्या, घरात आणखी दोघं खाजवतायत, ही खरूज, सगळ्या घराने एकदम उपचार घ्यायचे.

मेडिकलवरून गोरेपणाची नाहीतर खाजेची ट्यूब आणून लावू नका, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, पुरळाचं रूपच बदलतं आणि मग डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो.

तापाला ॲस्पिरिन नाही, कांजण्यांत आयबुप्रोफेनही नाही, साधं पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. बाटलीवर 125 आहे की 250 हे वाचा, शेजारणीचा चमचा मोजून तुमच्या पोराला देऊ नका.

काचेचा ग्लास पुरळावर दाबून बघायची सवय लावा. दाबल्यावर लाली गेली तर ठीक, पण जांभळट ठिपके तसेच राहिले आणि सोबत ताप असेल तर सकाळची वाट बघायची नाही. डेंग्यूच्या दिवसांत ताप उतरताना पोट दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं, हेही तसंच. धाप, झटका, पोरगं उठवूनही उठत नाही, ताप 5 दिवसांवर गेला, तर आजाराचं नाव घरी ठरवत बसू नका.

गोवराची लस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि परत 16 ते 24 महिन्यांत, दोन्ही डोस. पहिला झाला की लोक कार्ड कपाटात टाकतात. 2022 मध्ये मालेगावात गोवर पसरला होता, ते आपल्यापासून लांब नाही. ऊसतोडीला, गुजरातमध्ये कामाला जाणाऱ्यांनी कार्ड सोबत न्या, तिथल्या सरकारी केंद्रातही डोस मिळतो.

आणि दवाखान्यात येताना आधी फोन करा, नाहीतर दारातूनच सिस्टरला सांगा की अंगावर पुरळ आहे. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत 2 तासांपर्यंत राहतो आणि आमच्या बाकड्यावर दीड महिन्याची बाळं त्यांच्या नेहमीच्या लसींना आलेली असतात. आम्ही तुम्हाला बाजूच्या खोलीत बसवू, नंबर जाणार नाही.