निसर्गकवितेत भावना नेमकी कुठे असते? क्रियापदं धरून वाचायची एक पद्धत

‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन करून आपल्या मनातील भावना व्यक्त केल्या आहेत.’ हे वाक्य वर्डस्वर्थ, शेली या इंग्रजी कवींना लागू पडतं आणि आपल्या बालकवींनाही लागू पडतं. म्हणून ते खोडायचं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी शाळेतून आलेली मुलं बी.ए.ला इंग्रजी कविता वाचायला बसली की शब्दकोशात अडकतात आणि शेवटी असलं एखादं वाक्य लिहून सुटका करून घेतात. खरं तर बालकवी आणि इंदिरा संत वाचलेल्या मुलांना हे जड जायचं कारण नाही. वाचताना नजर कुठे ठेवायची एवढंच ठरवायला हवं. आमच्या मते ती विशेषणांवर न ठेवता क्रियापदांवर ठेवावी.

कवितेची झेरॉक्स घ्या. पुस्तकावर खुणा करायला हात धजत नाही, आणि खुणांशिवाय ही पद्धत चालत नाही. आधी कविता दोनदा मोठ्याने वाचा, अर्थ नाही लागला तरी चालेल. मग पेन्सिलने निसर्गातल्या प्रत्येक वस्तूभोवती गोल करा. लाल पेनाने त्या वस्तूंची क्रियापदं अधोरेखित करा. शेवटी जिथे जिथे ‘मी, मला, माझं’ येतं तिथे चौकोन काढा. विशेषणांना हात लावू नका. ‘सुंदर’, ‘सोनेरी’, ‘निळं’ यांच्या मागे लागलं की उत्तर वर्णनात वाहून जातं.

आता हे वर्डस्वर्थच्या डॅफोडिल्सच्या कवितेवर करून बघा. सहा ओळींची चार कडवी, एकूण २४ ओळी. लाल रेघा मारून झाल्या की दिसेल, ‘नाचणं’ चारही कडव्यांत आहे. पहिल्यात फुलं नाचतात, दुसऱ्यात माना उडवत नाचतात, तिसऱ्यात शेजारच्या लाटाही नाचतात. या तीन कडव्यांत कवी काय करतो? भटकतो आणि टक लावून बघतो, बस्स. चौथ्या कडव्यात तो घरात कोचावर पडलेला आहे, फुलं समोर नाहीत, आणि आता नाचतं ते त्याचं काळीज. फुलांचं क्रियापद कवीकडे आलं, भावना इथे आहे. याच कडव्यात भूतकाळ सोडून वर्तमानकाळ सुरू होतो, तेही टिपून ठेवा. एवढं दाखवलंत तर ‘निसर्ग आणि भावना यांचा संबंध’ वेगळा सांगावा लागत नाही.

पार्श्वभूमी द्यायची तर नेमकी द्या. ती फुलं १५ एप्रिल १८०२ ला अल्सवॉटर तळ्याकाठी दिसली, तेव्हा बहीण डोरोथी बरोबर होती. काही फुलं दगडांवर उशीसारखी मान टेकून होती, असं तिच्या रोजनिशीत आहे. कविता छापली गेली १८०७ मध्ये, आणि दुसरं कडवं १८१५ च्या आवृत्तीत आलं. म्हणजे बहीण बरोबर असताना पहिल्या ओळीत ‘ढगासारखा एकटा’ म्हणणं ही कवीने केलेली निवड आहे, त्या दिवसाचा अहवाल नव्हे. ‘प्रबळ भावनांचा उत्स्फूर्त ओघ’ ही ‘लिरिकल बॅलड्स’ या संग्रहाला वर्डस्वर्थने लिहिलेल्या १८०० च्या प्रस्तावनेतली कवितेची व्याख्या सगळे पाठ करतात. पण त्याच प्रस्तावनेत दीर्घ विचाराची अट आहे, आणि शांतपणी आठवलेल्या भावनेतून कविता उगवते असंही म्हटलंय. तो अर्धा भाग गाळला की कोचावरच्या कडव्याचा अर्थच लागत नाही.

शेलीच्या पश्चिम वाऱ्यावरच्या कवितेत चौकोन मोजा. १४ ओळींचे पाच भाग आहेत. पहिल्यात वारा पानं हाकतो, दुसऱ्यात ढग, तिसऱ्यात लाटा. ‘मी’ खऱ्या अर्थाने पुढे येतो तो चौथ्यात, आणि येतो तोही मी पान असतो तर, ढग असतो तर, लाट असतो तर, असं म्हणत. पाचव्यात थेट मागणी: मला तुझी वीणा कर. इथे आपल्या भागातली मुलं हमखास घसरतात. आपल्याकडे पश्चिमेचा वारा म्हणजे मिरगाचा पाऊस आणणारा, पेरणीचा. शेलीचा वारा १८१९ च्या शरदातला, फ्लॉरेन्सजवळच्या रानातला. तोही पाऊस आणतो, पण आधी झाडं ओरबाडतो आणि बिया हिवाळाभर मातीत निजवतो. मोडणारा आणि राखणारा तोच. हा दुहेरीपणा हुकला की कविता नुसती वादळाचं वर्णन होऊन बसते.

कीट्सच्या शरदावरच्या कवितेत चौकोन एकही पडत नाही. ३३ ओळींत ‘मी’ नाही. मग भावना नाही का? आहे, ती क्रमात आहे. पहिल्या कडव्यात फळं भरतात, दुसऱ्यात कापणी आणि रस गाळणं, तिसऱ्यात उरतात कापलेल्या शेतातली धसकटं आणि आवाज: चिलटं, मेंढरं, रातकिडे, आणि गोळा होऊ लागलेल्या पाकोळ्या. भरून आलेलं हळूहळू संपत चाललंय, आणि कुणी ‘मला वाईट वाटतं’ म्हणत नाही. कविता १९ सप्टेंबर १८१९ ची, विंचेस्टरची. आपल्याकडे सप्टेंबरात भात अजून हिरवंगार असतं, त्यामुळे महिना बघून वाचाल तर फसाल. दिवाळीनंतरची सुगी डोळ्यांपुढे आणा, खानापूरकडची कापून झालेली भाताची खाचरं आणि कडेला रचलेलं गवत. तिसरं कडवं लगेच कळतं.

निसर्ग नेहमी मनाला दिलासाच देतो, असं मात्र लिहू नका. १८०२ च्या खिन्नतेवरच्या कवितेत वर्डस्वर्थचा मित्र, कवी कोलरिज चांदण्या बघतो, त्या किती सुंदर आहेत हे त्याला दिसतं, पण जाणवत नाही. आपण देऊ तेवढंच निसर्गाकडून परत मिळतं, हे त्याचं म्हणणं. एवढ्या एका उदाहरणाने उत्तराचा सूर बदलतो.

हीच चाचणी बालकवींच्या ‘औदुंबर’ला लावा. आठ ओळी, चौकोन शून्य. झरा वाहतो, पांढरी पायवाट हिरव्या कुरणांतून काळ्या डोहाकडे चालते, काळिमा लाटांवर पसरतो, आणि शेवटी औदुंबर पाण्यात पाय टाकून बसतो. सगळं चालत होतं, एकजण बसला. ही उदासी की तृप्ती, यावर समीक्षकांत एकमत नाही. तुम्ही कोणतीही बाजू घ्या, पण पायवाट कुठे जाते ते दाखवून मगच घ्या. ‘चेतनगुणोक्ती अलंकार’ एवढं लिहून थांबू नका. अलंकार ओळखणं शाळेत पुरतं. इथे त्या झाडाला बसवलंच का, हे सांगायचं असतं.

इंदिरा संत बेळगावच्या, त्यामुळे त्यांच्याबद्दल आपल्याला जास्त माहीत असतं, आणि तेच आडवं येतं. त्यांचे पती ना. मा. संत १९४६ मध्ये गेले, त्यांचा ‘शेला’ हा कवितासंग्रह १९५१ मध्ये आला. मग प्रत्येक पावसाला, प्रत्येक संध्याकाळीला विरहाचं लेबल. चरित्र एका वाक्यात उरका, तेही खुणा करून झाल्यावर. कवितेतल्या पावसाचं क्रियापद काय आहे ते आधी बघा. तो झिमझिमतो, अडवतो की आत येतो, यावर सगळं अवलंबून.

हात बसायला एक सराव करा. येळ्ळूरच्या गडावर नाहीतर जांबोटीकडे मलप्रभेकाठी २० मिनिटं बसा. दहा वस्तू आणि त्यांची दहा क्रियापदं लिहा, विशेषण एकही नको. फोन खिशातच राहू द्या, फोटोत वस्तू येतात, क्रिया येत नाहीत. वही आठवडाभर उघडू नका. मग न बघता आठवेल ते सहा ओळींत लिहा आणि दोन्ही ताडून बघा. जे गळलं आणि जे नव्याने घुसलं, त्याच्यावर खूण करा.

परीक्षेत उत्तराचं पहिलंच वाक्य क्रियापदावर लिहा, भावनेचं नाव परिच्छेदाच्या शेवटी येऊ द्या. अवतरण एका ओळीपेक्षा मोठं नको. आठवत नसेल तर अर्थ मराठीतून मनात जुळवून स्वतःच्या साध्या इंग्रजीत सांगा, चुकीची ओळ अवतरणचिन्हांत घालण्यापेक्षा ते बरं.