पहिला बोकड पाळून पेठ वडगावच्या (जि. कोल्हापूर) बाजारात विकायचा असेल तर

कॉलेज करत करत एखादा बोकड पाळावा आणि विकावा असं डोक्यात असेल तर हे वाच. मी बारावीत पहिला पाळला, तेव्हापासून दरवर्षी दोन-तीन असतात, आणि पहिल्या वेळी असा गंडलो की अजून जेवताना घरात तो विषय निघतोय.

अमेरिकेत शाळकरी पोरं फोर-एच म्हणून संघटना आहे त्यातनं डुक्कर, मेंढरू, वासरू पाळतात, खाण्याचा खर्च वहीत लिहितात आणि काउंटीच्या जत्रेत लिलावाला काढतात. तिथं गावातले दुकानदार मुद्दाम बाजारभावापेक्षा जास्त बोली लावतात, पोराच्या शिक्षणाला हातभार म्हणून. आपल्याकडं उलटं, पोरगं एकटं दिसलं की भाव आधी पाडूनच सांगतात. म्हणून त्यांची वही तेवढी उचलायची, बाकी आपलं आपण.

पहिली गोष्ट, करडू बाजारातनं घ्यायचं नाही. चार गावची जनावरं एकत्र आलेली असतात, कोण काय घेऊन आलंय कळत नाही. ओळखीच्या शेळीवाल्याकडं जा, तीन-साडेतीन महिन्यांचं, दूध तुटलेलं करडू बघ आणि त्याची आई पण बघ. उस्मानाबादी आपल्या हवेला बरी पडते, काळी असते, जुळी पण बऱ्याचदा देते म्हणून करडं सहज मिळतात. करडाच्या डोळ्याची खालची पापणी जरा खाली ओढून बघायची, आत लालसर-गुलाबी असेल तर ठीक, पांढरट दिसली तर पोटात जंत असणार, सोडून द्यायचं. मागं शेपटीखाली लिडबिडलेलं असेल तरी सोडून द्यायचं. आणि जमलं तर दोन घे, एकटं करडू दिवसभर ओरडत बसतं, खात नाही, शेजारीपाजारी पण वैतागतात.

आणल्यावर दोन-तीन आठवडे घरच्या जनावरांपासनं लांब. सरकारी दवाखान्यात जाऊन जंताचं औषध वजनावर विचारून घ्यायचं, पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) लस द्यायची, आणि आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन जनावर दगावतं तो आजार) पावसाळ्याआधी, तिचा दुसरा डोस विसरायचा नाही. कानात १२ आकडी बिल्ला पण तिथंच मारून घे, विकताना लागतो. आपल्याकडं पाऊस म्हणजे पाऊस असतो, त्यात खालची जमीन ओली राहिली की खूर कुजतात, म्हणून फळ्यांचा माच कर, एकाला साधारण १० चौरस फूट धरून.

आता खाणं, इथंच सगळ्यांचं चुकतं. कारखाने सुरू झाले की ऊसतोडीचं वाडं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, फुकटात मिळतं आणि पोरं नुसत्या वाड्यावर बोकड वाढवायला बघतात. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम धरून ठेवतं, पोट भरल्यासारखं दिसतं पण अंग धरत नाही. वाडं थोडं चालतं, पण जोडीला शेवरी, सुबाभूळ, मेथीघास यातलं काहीतरी पाहिजेच, शिवाय हरभऱ्याचं नाहीतर तुरीचं भुसकट आणि मिनरल मिक्स्चर. खुराक (धान्य-पेंड) रोज २०० ते ३०० ग्रॅम, तो पण हळूहळू वाढवत न्यायचा. बाजार जवळ आला म्हणून एकदम मका-गहू ओतला की पोट आंबतं आणि बोकड रात्रीत आडवा होतो. जास्त धान्यानं बोकडाला मुतखडा पण होतो, मुतायला कुंथत असेल तर घरगुती उपाय करत बसू नको, डॉक्टर बोलव. पाणी कायम पुढ्यात.

दर पंधरा दिवसांनी वजन. काटा नसेल तर शिंप्याची टेप बास. पुढच्या पायांच्या मागनं छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासनं ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं किलोत वजन. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर जवळजवळ ३१ किलो. अंदाजच आहे, पण नजरेच्या अंदाजापेक्षा लय बरा. मी पहिल्या वेळी हे केलंच नव्हतं, हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, म्हणाला बावीस किलो भरंल, मी हो म्हणालो, नंतर त्याच्याच टेम्पोपाशी दुसऱ्याला तो अठ्ठावीस सांगत होता!

विकायचं कधी ते आणतानाच ठरव. बकरी ईद २०२५ ला ७ जूनला होती आणि दरवर्षी १०-११ दिवस अलीकडं सरकते, त्यामुळं जुना हिशोब चालत नाही. ईदचं गिऱ्हाईक वर्ष पूर्ण झालेला, दोन दाती (पुढचे दोन पक्के दात आलेला) बोकड बघतं आणि शिंग मोडलेलं, कान फाटलेला, लंगडणारा असला तर हात पण लावत नाही, म्हणून शेवटचे दोन महिने कुत्र्यांपासनं आणि मारक्या बोकडापासनं जपायचं. ईद हुकली तर आषाढ आहेच, कोल्हापूरच्या टेंबलाई देवीच्या यात्रा, गल्लोगल्ली मटणाच्या जेवणावळी. पण श्रावणात बोकड घेऊन बाजारात जाऊ नको, उगाच गाडीभाडं.

वडगावला जनावरांचा बाजार सोमवारी. पहाटे निघ, एकट्यानं छोटा हत्ती करण्यापेक्षा गावातल्या दोघा-तिघांत कर. आदल्या रात्री मीठ चारून पाणी पाजायची आयडिया कोणीतरी देईल, ऐकू नको, हेडी पोटाला हात लावून ओळखतात आणि मग खरं वजन पण खोटं धरतात.

भाव सांगायच्या आधी घरीच आकडा काढलेला असावा. हेडी मनात मटण किती पडंल ते धरतो, जिवंत वजनाच्या साधारण निम्मं, किंवा जरा कमीच. ३१ किलोत १४-१५ किलो धर, त्याला आपल्या गावातल्या मटणाच्या भावानं गुण, त्यातनं त्याची मजुरी, गाडी आणि नफा वजा कर, राहील तिथनं खाली उतरायचं नाही. बोलायला सुरुवात मात्र त्याच्या बरंच वरनं. जुने हेडी अजून टॉवेलखाली हात घेऊन बोटांवर भाव करतात, आजूबाजूच्याला कळू नये म्हणून. घाबरायचं काही नाही, फक्त बोटं हजाराची धरायची का शेकड्याची हे आधी तोंडानं विचारून घे. आणि पहिल्या माणसाला द्यायचंच नाही, तीन जणांनी हात लावू दे.

ठरलं की बाजार समितीची पावती. पैसे ऑनलाइन असतील तर त्याच्या मोबाईलवरचा हिरवा टिकमार्क बघून खूश होऊ नको, आपल्या बँकेचा मेसेज येईपर्यंत दावं हातातच ठेव. मेसेज आला की आपलं दावं सोडून घ्यायचं, त्याचं तो बांधतो. दाव्याबरोबर लक्ष्मी जाते म्हणून आमची आज्जी दावं कधी देऊ द्यायची नाही. लक्ष्मीचं मला माहीत नाही, पण पहिल्या बोकडाचंच दावं अजून वापरतोय.