ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी फ्युएल ट्रिम बघा

चेक इंजिनचा दिवा लागला की जालना रोडवर कुणीही सांगतं, "ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलून टाका." घाई करू नका, सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा हा सेन्सर स्वस्त नसतो. स्कॅनर लावून गरम इंजिनवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय (+) की घटवतोय (-) तो आकडा. आयडलला (रेस न देता) +15 ते 20 टक्के, पण 2500 आरपीएमला शून्याजवळ, तर कुठून तरी हवा ओढतेय. इनटेकचे रबरी पाइप वाकवून बघा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते लवकर तडकतात. रेस केल्यावर ट्रिम वाढला तर फ्युएल फिल्टर, पंप नाहीतर धुळीने माखलेला, आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर. पेट्रोल गाडीतला साधा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) आधीचा ऑक्सिजन सेन्सर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये झरझर खालीवर होतो, थकलेला रेंगाळतो. ऑक्सिजन सेन्सर खोलताना इंजिन कोमट हवं, पाना बहुधा 22 चा. अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला नाही.