उन्हाळी वरचेवर लागते? गोळीच्या आधी डबी

लघवीला जळजळ सुरू झाली की घरोघरी तेच चालतं. धण्याचं पाणी, सब्जा, बार्ली, आणि तिसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याकडून मागच्याच अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप. मी हे सहा वर्षं केलं. पाणी प्याच, पण सहा महिन्यांत 2 वेळा किंवा वर्षात 3 वेळा त्रास झाला असेल तर कारण शोधायलाच हवं.

डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘युरिन रूटीन आणि कल्चर’ असं दोन्ही लिहून घ्या. रूटीनमध्ये पू-पेशी दिसतात. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे कल्चरमध्ये कळतं.

नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्या. एक गोळी पोटात गेली तरी जंतू असूनही कल्चर कोरं येऊ शकतं. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असं काही असेल किंवा बाई गरोदर असेल, तर घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता नमुना घेण्याविषयी. इथेच माझी दोन वर्षं गेली. लॅबमधला मुलगा डबी हातात देतो, ‘सकाळची आणा’ म्हणतो आणि पुढचं नाव पुकारतो. कशी घ्यायची ते कुणी सांगत नाही. माझे लागोपाठ तीन रिपोर्ट ‘मिश्र वाढ’ असे आले. म्हणजे त्वचेवरचे नेहमीचे जंतू डबीत उतरले होते आणि रिपोर्टचा उपयोग शून्य. तरी प्रत्येक वेळी मला नवीन अँटिबायोटिक मिळालं.

बरोबर रीत अशी. हात साबणाने धुवा. जागा नुसत्या पाण्याने पुढून मागे धुवा आणि स्वच्छ कपड्याने टिपा. डेटॉल, सॅव्हलॉन, व्ही-वॉश यातलं काही नको. त्याने जंतू मरून कल्चर खोटंच कोरं येऊ शकतं आणि आग वाढते ती वेगळीच. डबीचं झाकण काढून उताणं ठेवा, आत बोट लावू नका. डाव्या हाताच्या दोन बोटांनी दोन्ही बाजूंची कातडी अलग धरा आणि शेवटपर्यंत धरून ठेवा. मी हेच करत नव्हते. पहिली धार सोडून द्या. मग धार न थांबवता डबी मध्ये धरा, अर्धी भरली की बाजूला घ्या, उरलेली सोडून द्या. डबीची कड अंगाला लागली तर ती टाकून नवी आणा. आपल्या भारतीय शौचालयात उकिडवं बसून हे जास्त सोपं जातं. पाळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून दिवस पुढे ढकला.

डबी दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचली पाहिजे. ई. कोलाय हा नेहमीचा जंतू पोषक वातावरणात वीस मिनिटांत दुप्पट होतो. बोरिवलीहून दादरची लोकल, वर मे महिन्याचा उकाडा, म्हणजे पोचेपर्यंत आकडा फुगतो. लांब जायचं असेल तर पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि बर्फाच्या पिशवीसोबत न्या, किंवा घराजवळच्या लॅबमध्ये द्या.

रिपोर्ट साधारण दोन-तीन दिवसांत येतो. जंतूंचा आकडा मिलीलिटरला एक लाखाखाली आहे म्हणून ‘काही नाही’ असं स्वतःच ठरवू नका. त्रास होत असलेल्या बाईत कमी आकड्यालाही अर्थ असू शकतो.

पू-पेशी आहेत पण कल्चर कोरं, असं वारंवार येत असेल तर क्षयाची तपासणी करायला सांगा. त्यासाठी सहसा सलग तीन दिवस पहाटेची पहिली लघवी लागते. क्लॅमिडियासारख्या, शरीरसंबंधातून लागणाऱ्या संसर्गासाठी योनीतून स्वॅब किंवा सुरुवातीची धार घेतात, म्हणजे वर सांगितल्याच्या उलट. शरम बाजूला ठेवून विचारा, आणि संसर्ग निघाला तर नवऱ्याचीही तपासणी आणि उपचार करून घ्या.

आणि टेबलावर झोपवून जागा पाहायला सांगा. माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, कल्चर कोरं, तरी जळजळ आणि कपड्यावर गुलाबी डाग. चार डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, पाचव्या बाईंनी तपासलं. लघवीच्या छिद्राच्या खालच्या कडेला डाळिंबाच्या दाण्याएवढा लालबुंद मऊ मांसाचा कोंब होता. त्याला युरेथ्रल कॅरंकल म्हणतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होऊन तिथलं अस्तर पातळ होतं आणि बाहेर डोकावतं. तो कर्करोग नव्हे. मात्र कोंब कडक असेल, वाढत असेल किंवा वारंवार रक्त येत असेल तर तुकडा काढून तपासतात, कारण तिथला कर्करोग क्वचित असला तरी असतो. पाळी गेल्यावरचा रक्ताचा कुठलाही डाग दाखवलाच पाहिजे. छिद्राखाली फुगवटा, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवी करून उठल्यावर थेंब गळणं असं असेल तर मूत्रमार्गाला पिशवी झालेली असू शकते, त्याला एमआरआय लागतो.

कॅरंकलवर पहिला उपाय बहुधा इस्ट्रोजेनचं मलम. मला दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा दिलं. फरक पडायला दोन महिने लागले, म्हणून आठ दिवसांत सोडू नका. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगा. ‘रस्ता मोठा करून देतो’ म्हणून कुणी सळई घालायला सुचवलं तर रस्ता खरंच अरुंद आहे हे आधी तपासणीत दाखवा म्हणावं. तसं नसताना मी ते करून घेतलं आणि पंधरा दिवस रक्त पाहिलं.

मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत युरोलॉजीची (मूत्रविकारांची) ओपीडी आहे. केसपेपरसाठी सकाळी लवकर जा आणि जुने सगळे कल्चर रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून फाईलमध्ये न्या.